कुत्रा काढल्यावर

बंदर बंद. वारा ताशी शंभराच्या वर.
पोर्वेनीरची फेरी आज सुटायची नाही.
तिकीटखिडकीतली पाटी उलटी करून
मी गल्ल्याखालून बाड काढते.
सातवा खर्डा. कागद नवे, बांधायची सुतळी तीच.

पुन्ता अरेनासला असल्या दिवशी चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
विशेषणंही मी तशीच बांधत आले,
वाचणारा उडून जाऊ नये म्हणून:
काळाकुट्ट, गोठलेला, निर्दय समुद्र.
आज एकेक दोर सोडते.
समुद्र.
बघू, कोण उभं राहतं.

बाकावर एकटाच उतारू, एलेउतेरिओ बार्रिया.
जन्मभर मेंढ्या कातरल्या,
मशीनच्या घरघरीत डावा कान गेला.
त्याला पलीकडे जायचंय, मला वाचून दाखवायचंय,
दोघांचाही इलाज नाही.
तो मातेचं भांडं भरतो, उजवा कान माझ्याकडे करतो.

पहिली तीन पानं: आजोबांची बोट चिलोएहून निघते.
निघते. अजून निघतेच आहे.
नमनालाच घडाभर तेल,
आणि म्हातारा पेंगला.
समासात पेन्सिलीनं लिहिलं: झोप.

सहाव्या पानावर जागा होऊन म्हणाला,
"एकाच जागी दोनदा मशीन फिरवलं
की लोकर आखूड तुटते, बाई. भाव पडतो.
या तुकड्यावरनं तू चारदा तरी फिरली असशील."
पाचदा.
मी काही बोलले नाही. पहिल्या खर्ड्यातलं ते वाक्य
ओबडधोबड होतं, पण त्याला लांबी होती.

मग आली ती ओळ.
वाचनालयातल्या येलेना वुकासोविचनं
वहीत उतरवून घेतलेली, सगळ्यांना आवडलेली:
*आई खिडकीच्या काचेवर कपाळ टेकून उभी होती.*
मोठ्यानं वाचताना माझाच आवाज मला नाटकी वाटला.

आई उभी नव्हती.
बटाटे सोलत होती.
बाबांचा ट्रक फाटकाबाहेर पडला तेव्हा
रेडिओवर कुणी काहीतरी चावट बोललं
आणि ती हसली, खळखळून, हातातली सुरी तशीच धरून.
मी नऊ वर्षांची.
काचेला कपाळ माझं टेकलेलं होतं.

सहा खर्डे मी स्वल्पविराम हलवत बसले,
आणि तिचं हसू
एकदाही कागदावर येऊ दिलं नाही.
"खरंच असं घडलं" म्हटलं म्हणून कथा उभी राहत नाही, ठाऊक आहे.
पण हे खोटंही तिच्यासाठी नव्हतंच,
माझा राग झाकायला होतं.
ओळ खोडली. हात थोडा थरथरला.
वर लिहिलं: बटाटे. रेडिओ. हसली.
एवढंच, सध्या.

पुढे वाचत गेले. चौदावं पान.
"त्या कुत्र्याचं काय झालं?" त्यानं विचारलं.
कुठला कुत्रा?
"आत्ता भुंकला की."

कुत्रा मी तिसऱ्या खर्ड्यातच काढला होता.
तिसोन, काळा, एका पायानं लंगडा.
कथेत त्याला काही काम नव्हतं.
नाव काढलं, वाटी काढली,
ट्रकमागे त्याचं धावणं
पान दीड पान होतं, तेही काढलं.
पण इथे, चौदाव्या पानाच्या तळाशी,
*मागे कुठेतरी भुंकणं ऐकू आलं.*
नजरेतून सुटलं.
चार खर्डे ते तसंच भुंकत राहिलंय,
धन्याशिवाय, अंगाशिवाय.

पेन्सिल त्या ओळीवर टेकवली.
बाहेर पत्रा सुटून आपटत होता.
एलेउतेरिओच्या हातातलं भांडं थंड झालेलं,
तो ताठ बसलेला, मान थोडी कलती,
उजवा कान दाराकडे.

ओळ ठेवली.
समासात लिहिलं: जागा.

पंधरावं पान मात्र पहिल्यापासून लिहावं लागणार.